बुरजातली बाई

आमच्या घरात भुताला मज्जाव होता. बाबा इतिहासाचे शिक्षक, भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि दिवे गेले तरी कुणी घाबरायचं नाही हा नियम. शाळेतल्या मैत्रिणी चिंचेवरच्या हडळीच्या गोष्टी रंगवून सांगायच्या, तेव्हा माझ्याकडे सांगायला काहीच नसायचं. त्यामुळे माझ्या लेकीने सिडनीत वाढून भुतांचं वेड घेतलं, तेव्हा मला आतल्या आत मजाच वाटली. बाबांची नात आणि भुतं!

ऑस्ट्रेलियात तिच्या मनासारखा किल्ला मिळेना. सिडनीच्या गिरावीन उपनगरातल्या आमच्या गल्लीत जुनी म्हणावी अशी एकच वस्तू, शेजाऱ्यांच्या परसातला कपडे वाळत घालायचा गंजका खांब. म्हणून गेल्या जुलैच्या सुट्टीत आम्ही माझ्या भावाकडे इंग्लंडला गेलो, भारतातून बाबाही तिथे आले, तेव्हा तिने विमानतळावरच जाहीर केलं की तिला भुताचा किल्ला बघायचाय. भावाने उत्तरेकडचा एक शोधून काढला.

किल्ला दाखवायला लाल मफलर गुंडाळलेली एक उंच बाई होती. फार छान सांगायची. आधी टेकाडावर लाकडी गढी, मग नॉर्मन सरदारांनी ती दगडात बांधली. स्कॉटलंडच्या फौजांनी वेढा दिला. राजा आणि पार्लमेंट यांच्या लढाईत तोफांनी एक अंग उडवलं. पुढे किल्ल्याला वाली उरला नाही, तेव्हा गावकऱ्यांनी दगड नेऊन घरं बांधली, गोठे बांधले.

"हे मात्र अगदी आपल्यासारखं," बाबा खूश होऊन म्हणाले.

मग भुतं आली. पहिली राखाडी झग्यातली सरदारीण. नवरा लढाईवरून परतला नाही म्हणून ती अजून जिन्यावर वाट बघते. दुसरा एक सरदार, स्वतःचं मुंडकं काखेत घेऊन फिरणारा. त्याने लढाईत दोनदा बाजू बदलली होती. "दोन्हीकडचं खाल्लं की असं होतं," बाबा पुटपुटले, आणि लेक एवढी हसली की बाकीचे पर्यटक वळून बघायला लागले. मी म्हटलं चला, म्हातारा आज फॉर्मात आहे.

तिसरं भूत उत्तरेच्या बुरजात होतं. बाई म्हणाली, बुरूज बांधताना भिंत सारखी ढासळायची. मग कुणीतरी सांगितलं की जिवंत माणूस दिल्याशिवाय ती उभी राहणार नाही. म्हणून एक पोर भिंतीत चिणली. आजही कान लावला तर आतून टकटक ऐकू येते. "आणि बघा," बाई हात पसरून म्हणाली, "बुरूज अजून उभा आहे."

सगळ्यांनी भिंतीला कान लावले. माझ्या लेकीनेही लावला. बाबांनी लावला नाही. त्यांनी त्यांच्या मास्तरी इंग्रजीत विचारलं, "ती मुलगी कुणाची होती?"

"किल्ल्यातल्या धोबिणीची, असं म्हणतात."

"आणि नाव?"

बाईने नकारार्थी मान हलवली. नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. सरदारणीचं नाव, तिच्या नवऱ्याचं नाव, मुंडकंवाल्याच्या घोड्याचंसुद्धा नाव तिने सांगितलं होतं. बाबांनी भिंतीवर तळवा ठेवला आणि नातीला जवळ घेतलं.

"हे भूत नाही, बाळा. हा खून आहे. लोकांनी खुनाबद्दल विचारू नये म्हणून वर भूत बसवलंय."

मग तिथेच, त्या बुरजाखाली बसून, त्यांनी मलाही कधी न सांगितलेली गोष्ट तिला सांगितली. आमच्या गावच्या किल्ल्याचा बुरूजही असाच उभा राहत नव्हता म्हणे. त्यात एक नवी नवरी चिणली. ती गावकुसाबाहेरच्या वस्तीतली होती, आमच्या वस्तीतली, आमच्याच भावकीतली. पुढे गाव तिला भ्यायला लागलं. अमावस्येला नारळ, हिरव्या बांगड्या ठेवायला लागलं. तिच्या माणसांना मात्र गावाच्या विहिरीवर पाणी भरू दिलं नाही.

"आजोबा, इज इट ट्रू?"

"कागदावर कुठेच नाही. पण गोष्टीतसुद्धा चिणायला सरदाराची सून का नाही सापडली, एवढं विचार."

आम्ही बाबांना घेऊन सिडनीला परतलो. शाळेत लेकीला पालकांसमोर भाषण करायचं होतं आणि तिने विषय घेतला तो किल्ला. आदल्या दिवशी तिने आम्हाला म्हणून दाखवलं. शेवटी आमच्या गावचा बुरूज होता, आणि आमची वस्तीही होती. गिरावीनमध्ये मराठी घरं पुष्कळ. डबे येतात-जातात, मुलं एकत्र वाढतात. "गाव कुठलं तुमचं?" असं कुणी विचारलं की मी "पुण्याजवळचं" म्हणून विषय बदलते. त्या प्रश्नात गाव कुणालाच नको असतं, जात हवी असते, हे मला लहानपणापासून कळतं. ती कळली की आधी हसू आखडतं, मग डबे. उद्या ते सगळे पहिल्या रांगांत बसणार होते.

"बाबा, शेवटचं तेवढं गाळू या का?" मी स्वयंपाकघरात हळूच विचारलं.

"मला काय विचारतेस? भाषण तिचं आहे."

लेक दारातच उभी होती. "नो वे, आई," म्हणाली आणि फ्रिजमधून दही घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी तिने एक अक्षर गाळलं नाही. सरदारणीला मुलं गप्प झाली, मुंडक्याला खिदळली, आणि मग लेक धोबिणीच्या पोरीपाशी आली. म्हणाली, हे भूत नाही, हा खून आहे. मग आमचा बुरूज, आमची वस्ती, आमची विहीर, सगळं स्वच्छ सांगितलं. मी आजूबाजूला बघायचं टाळून तिच्याकडेच बघत होते. तरी ऊर भरून आला होता.

शेवटी एका मुलाने विचारलं, "तुमच्या किल्ल्यावर जायला तुला भीती नाही वाटणार?"

"व्हाय वुड आय? शी इज फॅमिली."

टाळ्या पडल्या. बाबांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला, आणि पुसतच राहिले. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरची आमच्याच गल्लीतली ताई माझ्याकडे झुकली. हसू होतं, पण जरासं थबकलेलं.

"अगं, नक्की कुठलं गं तुमचं गाव?"

या वेळी मी गावाचं नाव सांगितलं. तालुका सांगितला. तरी ती बघतच राहिली, म्हणून म्हटलं, "किल्ला आहे बघ तिथे. त्याचा बुरूज आमचा."