शिरालीचं ‘बुयुर’

आमच्या शेकी गावात समोवार, म्हणजे चहाचं पाणी उकळायची तोटीची भांडी, दुरुस्त करणारे तिघं, पण ‘बुयुर’ म्हणावं ते शिरालीनंच. तसा हा शब्द आम्हा सगळ्यांच्याच जिभेवर. दार वाजलं, बुयुर, आत या. फोन वाजला, बुयुर, बोला. जेवताना समोरून कुणी गेलं, बुयुर, दोन घास घ्या. कुणी टोपीची तारीफ केली तरी बुयुर, घ्या, तुमचीच. मग पुढच्यानं म्हणायचं, “नको नको, मालकालाच शोभते.” टोपी जागेवर राहते आणि दोघांची अब्रूही. बाकीचे जरा माणूस बघून म्हणतात. शिराली मांजरालाही म्हणतो. दातांच्या डॉक्टरनं “हीच दाढ काढू ना?” विचारलं, तर हा बुयुर म्हणून चांगली दाढ गमावून आला.

यंदा त्याच्या मुलीला, तरानाला, मागणी घालायला पाहुणे आले. हलव्याच्या दुकानातला एलशाद तिनंच पसंत केलेला, त्यामुळे तिचा जीव टांगणीला. आमच्यात बापानं पहिल्याच खेपेला हो म्हणणं म्हणजे नाक कापून घेणं. “विचार करून सांगतो” म्हणायचं आणि दोन-तीन खेपा घालायला लावायच्या. शिरालीच्या बायकोनं, जिवरनं, सकाळपासून बजावलं होतं.

“अहो, तोंड उघडायचं नाही. नुसती मान हलवा. उभी नको, आडवीही नको.”

“मग कशी हलवू?”

“हलवूच नका.”

मुलाचे चुलते मिरजब्बार, शिष्टाचारात शिरालीचेही बाप. त्यांनी घसा साफ केला. “शिराली, तुझी तराना लाखात एक आहे.”

“बुयुर,” शिराली म्हणाला.

जिवरनं कपाळावर हात मारला. मी शेजारी म्हणून बसलो होतो, मी गालिच्याकडे बघू लागलो. खरा अनर्थ तर पुढेच होता. मिरजब्बारांनी जन्माच्या सवयीनं छातीवर हात ठेवला. “नको नको, मालकालाच शोभते.”

झालं! बाप मुलगी देऊन बसलेला आणि मागायला आलेले परत करून बसलेले. शब्द मागे कोण घेणार? एलशादची आई रडवेली झाली.

तेवढ्यात तराना चहा घेऊन आली. होकार असेल तरच आमच्यात मागणीच्या चहात साखर पडते, आणि ती टाकायची की नाही हे थोरांनी ठरवायचं. तिनं कुणाला विचारलं नाही. मिरजब्बारांच्या पेल्यात सगळ्यांदेखत साखर टाकली, ढवळली.

“काका, गार होईल.”

मिरजब्बारांनी सुटकेचा निःश्वास टाकून पेला रिकामा केला. सगळे हसायला लागले.

दुसरा पेला तिनं बापापुढे ठेवला. पोरगी खरंच जाणार, हे शिरालीला तेव्हा कळलं.

“प्या ना, बाबा.”

“फार गोड केलायस,” तो म्हणाला. पेल्याला अजून त्यानं तोंडही लावलं नव्हतं.