सुई का बुडाली

बाईंच्या हातात चहाचा कप आला की त्या आधी तो तिरपा करायच्या. चहा कडेने कसा सरकतो ते बघायच्या, मगच घोट घ्यायच्या. "कोन कोना हात धरी ऱ्हायना, देखा," हे त्यांचं पालुपद. आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या आणि मी मराठी. वर्गात अहिराणी बोलतात म्हणून मी चिडवलं तर म्हणायच्या, "सर, पहिले समजू द्या. शुद्ध मंग करू."

तुम्ही त्यांचा तास बघायला हवा होता. तिरप्या ताटावर पाणी, तेल आणि काकवीचा एकेक थेंब सोडायच्या. पाणी धूम पळायचं, तेल रमतगमत यायचं, काकवी जागची हलेना. मग पोरींच्या मनगटावर स्पिरिट लावायच्या, ते बघता बघता उडून जायचं. द्रवाचे बारीक कण एकमेकांना धरून असतात. पकड घट्ट असेल तो सावकाश वाहतो, उशिरा उकळतो. सैल असेल तो उडून जातो. एवढंच त्यांचं सांगणं.

सुट्टीत मजुरीने मिरच्यांची देठं खुडून पोरींचे हात भगभगायचे, तेव्हा बाई तेल चोळायला लावायच्या. "मिरचीनं पानीसंगे जमत नही, तेलसंगे जमस."

शाळेत अकरावी विज्ञान सुरू व्हावी म्हणून बाईंनी जिवाचं रान केलं होतं. नाहीतर पोरींना रोज नंदुरबार गाठावं लागे आणि आईबाप नको म्हणत. हुशार पोरी दहावीनंतर घरी बसत. परवानगी द्यायची की नाही, हे ठरवायला समिती येणार होती.

आमच्याकडे पाहुणे येणार म्हटलं की भांडी घासणं आलंच. हेडमास्तरांनी उत्साहाच्या भरात प्रयोगशाळेतले सगळे पेले स्वतः साबणाने घासून लखलखीत केले. बाईंना याचा पत्ता नव्हता.

समितीपुढे बाईंनी दहावीतल्या एका पोरीला उभं केलं. प्रयोग साधाच, पाण्यावर सुई तरंगवायची. तिने सुई अलगद ठेवली. सुई बुडाली. दुसरी ठेवली, तीही बुडाली. समितीतले साहेब घड्याळ बघू लागले. बाई मात्र शांत होत्या. "काबरं बुडनी, बेटा?" एवढंच त्यांनी विचारलं.

पोरीने पेला नाकाला लावला. "बाई, पेलाले साबन लागेल शे. पानीना कण एकमेकना हात धरतस म्हनीसन सुई वर ऱ्हास. साबन मझार घुसना, हात सुटनात."

तिने पेला खळखळून विसळला, नवं पाणी घेतलं, सुई ओढणीला पुसून ठेवली. सुई तरंगली. साहेब कितीतरी वेळ वाकून बघत राहिले. म्हणाले, "पहिल्यांदाच जमलं असतं, तर हिला एवढं कळतं हे आम्हाला समजलंच नसतं." त्या क्षणी आम्हा सगळ्यांची छाती फुगली. जणू ती सुई आम्हीच तरंगवली होती.

अकरावी सुरू झाली. वर्गात आज पोरीच जास्त आहेत, हे मी भेटेल त्याला सांगत सुटतो.

बाई निवृत्त होऊन आपल्या गावी, कोरीटला गेल्या. पण अकरावीचा पहिला तास आला की हेडमास्तर बाह्या सरसावून पेला साध्या पाण्याने विसळतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. सुई तरंगली की मला म्हणतात, "सर, बाईंना फोन लावा."

मी लावतो. तिकडून पहिला प्रश्न ठरलेला, "पेला कोनी धोया?"

एरवी शुद्ध बोलणारे आमचे हेडमास्तर फोनपाशी तोंड नेऊन ऐटीत सांगतात, "मी धोया, बाई."