दुसरं कुलूप

मास्तरीण म्हणजे शाळेतली नव्हे. कपड्यांच्या कारखान्यात ती पुठ्ठ्यावर शर्टाचे नमुने आखून कापायची, म्हणून हे नाव. दुसऱ्यानं कापलेल्या नमुन्यावर ती कापड ठेवायची नाही. आधी स्वतः टेप लावणार, मग पुढचं. असल्या बाईनं घरच्या जुन्या डेस्कटॉपवर एन्क्रिप्शनचं, म्हणजे मजकूर कुलूपबंद करायचं, फुकटचं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं, तेव्हा ते तयार मिळतं तसं टाकेल? छे! तिनं त्याचा मूळ कोड उतरवला, करणाऱ्यांची डिजिटल सही तपासली आणि त्या कोडातून आपल्याच मशीनवर सॉफ्टवेअर तयार करायला, म्हणजे बिल्ड करायला बसली. मशीन म्हातारं. एक लायब्ररी, म्हणजे जोडीला लागणारा तयार कोड, टाकली की ती दुसरीला बोलवा म्हणायची, दुसरी तिसरीसाठी अडून बसायची. रुसलेल्या आत्याबाई परवडल्या! कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला फोन करकरून तिनं त्याचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठे ते बिल्ड एकदाचं झालं.

हा खटाटोप होता कारखान्याच्या मागच्या दारासाठी. माल चोरीला जातो म्हणून मॅनेजर ते दार बाहेरून बंद ठेवायचा. एकदा इस्त्रीच्या टेबलाशी धूर झाला आणि बायका त्या दारावर हात आपटत राहिल्या. कुणी मेलं नाही, एवढंच नशीब. मग मास्तरणीनं कामगार अधिकाऱ्यांकडे तक्रार न्यायचं मनावर घेतलं. बायका बोलायला तयार होत्या, पण सगळ्यांचे जबाब एकदम पोचेपर्यंत मॅनेजरला एकीचंही नाव कळता कामा नये, ही अट. कळलं असतं तर त्यानं एकेकीला वेचून घरी बसवलं असतं.

जबाब मास्तरीण टाइप करायची आणि धाकट्या बहिणीला मेल करायची. धाकटी त्याच कारखान्याच्या ऑफिसात कामाला होती. शिकलेली, त्यामुळे भाषा नीटनेटकी करून ती परत पाठवायची. आई गेली तेव्हा धाकटी एवढीशी होती. मास्तरणीनंच तिच्या वेण्या घातल्या, तिला शाळेत धाडलं, कॉलेज करायला लावलं. मास्तरीण शिफ्टला गेली की शेजारची मावशी पोरीला आपल्या मुलांबरोबर जेवायला बसवायची, ताप आला तर मांडीवर घेऊन बसायची. ही मावशी कारखान्यात इस्त्रीवर होती. पहिला जबाब तिचाच.

धाकटीच्या घरच्या कॉम्प्युटरवरही सॉफ्टवेअर मास्तरणीनंच बिल्ड करून दिलं, आणि वर शिकवणीही घेतली.

"हे बघ, प्रत्येकाचं आपापलं कुलूप. कुलूप सगळ्यांना वाटायचं, किल्ली आपल्यापाशी ठेवायची. माझ्या कुलपात घातलेलं मीच उघडणार. एका फाइलला दोघांची कुलपं लावलीस, तर दोघांपैकी कुणीही उघडेल. आणि काही झालं तरी उघडं पाठवायचं नाही."

"हो गं मास्तरीणबाई, झालं पाठ!"

कुलूप खरंच त्या माणसाचं आहे ना, हे बघायला त्या कुलपाचा ठसा, म्हणजे फक्त त्याचेच असलेले आकडे, एकमेकांना वाचून दाखवायचे असतात. धाकटी ते पाढे म्हटल्यासारखे सुरात म्हणाली, आणि दोघी हसून हसून बेजार झाल्या.

मावशीचा जबाब धाकटीकडून सुधारून परत आला, आणि दुसऱ्याच दिवशी मॅनेजरनं मावशीला केबिनमध्ये बोलावलं. "नखं तुटली पण दार हललं नाही, असं म्हणालात ना तुम्ही?" तिचं वाक्य, जसंच्या तसं! संध्याकाळी तिला कामावरून काढून टाकलं.

मास्तरणीला वाटलं, आपलंच चुकलं, बिल्ड करताना काहीतरी कच्चं राहिलं. धाकटीचा संशय? तो मनाला शिवलासुद्धा नाही. आपली किल्ली तेवढी ठेवून तिनं सगळं पुसलं, कोड नव्यानं उतरवला, डोळ्यांत तेल घालून पुन्हा बिल्ड केलं. मागच्या खेपेला सॉफ्टवेअरच्या बडबडीला कंटाळून तिनं सेटिंगमध्ये त्याला गप्प केलं होतं. या खेपेला ते करायचं राहिलं. तपासून बघायला म्हणून तिनं धाकटीकडून आलेली तीच फाइल उघडली, तर स्क्रीनवर आलं: या फाइलला दोन कुलपं आहेत. एक तुमचं. दुसरं ओळखीचं नाही.

"तिचं स्वतःचं असेल, अजून कुणाचं असणार?" मास्तरीण आपल्याशीच म्हणाली. वहीत लिहून ठेवलेले धाकटीच्या कुलपाचे आकडे तिनं ताडून पाहिले. जुळले नाहीत. पुन्हा पाहिले. तरी जुळले नाहीत.

नवीन आवृत्ती टाकून देते, असं सांगून ती धाकटीच्या घरी गेली. धाकटी स्वयंपाकघरात चहा ठेवायला वळली आणि मास्तरणीनं कुलपांची यादी उघडली. ताईचं, धाकटीचं, आणि तिसरं मॅनेजरचं, चक्क नावासकट. त्याच्यापुढे 'पूर्ण विश्वास' अशी खूण. म्हणजे पोरीनं त्याच्यासमोर बसून आकडेसुद्धा वाचले होते, ताईनं शिकवले तसे! मावशीला त्याच्या तोंडी देतानाही हिनं उघडं काही पाठवलं नव्हतं. एवढी गुणाची पोर. परक्यानं केलं असतं तर मास्तरणीनं चार शिव्या देऊन सोडून दिलं असतं, पण हिनं केसानं गळा कापला होता.

"ताई, एक गंमत सांगू?" धाकटी आतून म्हणाली. "मला ऑफिसात कायम करतायत. साहेब स्वतः म्हणाले. चहा कडक करू ना?"

"राहू दे चहा," मास्तरीण म्हणाली. तिनं मॅनेजरचं कुलूप पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं, नवीन आवृत्ती नीट बसवून दिली आणि निघाली. बसस्टॉपवर मात्र तिला रडू आवरेना, आणि बघणाऱ्यांची तिनं पर्वाही केली नाही.

कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत तिनं बायकांना सांगून टाकलं, "माझ्याच घरातून फुटलं."

काजं करणारीनं डब्याचं झाकण लावलं. "मग तुझ्या भरवशावर आम्ही कसं बोलायचं, मास्तरीण?"

एकेकीनं जबाब मागे घेतला. कामगार अधिकाऱ्यांपुढे शेवटी दोघीच गेल्या, मास्तरीण आणि मावशी. अधिकारी म्हणाले, दोघींच्या सांगण्यावर काय करता येतं ते बघू. मागचं दार होतं तसंच बंद राहिलं.

तिथून दोघी मास्तरणीच्या घरी आल्या. मास्तरणीनं कॉम्प्युटर लावला, थोडंसं टाइप केलं आणि फाइल धाकटीला धाडून दिली. मावशी स्टुलावर बसून पाय चेपत होती. जरा वेळानं फोन वाजला.

"ताई, तुझी फाइल उघडत नाही गं. माझी किल्ली चालत नाही म्हणतंय. माझं कुलूप लावायला विसरलीस वाटतं."

"विसरले नाही. एकच कुलूप लावलंय, तुझ्या साहेबांचं. त्यांच्याकडे जा, ते वाचून दाखवतील."

"काय लिहिलंयस त्यात?" धाकटीनं विचारलं.

"तू लहानपणी कुणाच्या घरी जेवलीस, एवढंच लिहिलंय त्यात."

"ताई, ऐक ना माझं... तू घरी ये, मी सगळं सांगते."

"मला नको सांगूस. मावशी इथंच बसलीय. तिला देते फोन, तिला सांग."

मास्तरणीनं फोन पुढे केला. मावशीनं पदराला हात पुसून तो कानाला लावला आणि "बोल गं बाळा" म्हणाली, तोवर धाकटीनं फोन ठेवला होता.