मामाची शीतखोली

आमच्या मामाची ओळख करून देताना माझी आई नेहमी अडखळायची. "हॉस्पिटलात असतो," एवढं म्हणायची आणि लगेच समोरच्याला चहा विचारायची. मला त्याची भारी चीड यायची. मामा शवागारात कामाला होता, तर होता. चोऱ्या तर करत नव्हता ना? उलट असं काम नीट करायला केवढं काळीज लागतं, हे चहा पिणाऱ्यांना काय कळणार? पण आईपुढे बोलायची सोय नव्हती.

मामाचं काम म्हणजे माणसं राखायची. वॉर्डातून कुणी गेलं की ट्रॉली खाली त्याच्याकडे यायची. तो अंग पुसायचा, केस विंचरायचा, हनुवटी पट्टीनं बांधायचा, पायाला चिठ्ठी लावायचा आणि मग लोखंडी खणात सरकवायचा. खणाचा काटा काय दाखवतो यावर त्याचा विश्वास नव्हता. आत हात घालून गारवा स्वतः बघायचा. खण उघडताना आधी बोटानं टकटक करायचा आणि "उघडतोय हं," म्हणायचा. नवे डॉक्टर हसायचे, मग हसायचे थांबायचे.

त्याला खरा अभिमान एकाच गोष्टीचा. कुणाचा मुलगा, कुणाची बहीण लांबून यायची, वाटेत दिवस जायचे, तोवर मामा माणूस राखायचा. ते आले की खण ओढायचा आणि बाजूला उभा राहायचा. "अगदी झोपल्यासारखी दिसतेय," असं कुणी म्हटलं की हा गडी आठवडाभर खुशीत. "माझ्याकडचं माणूस बघून कुणी तोंड फिरवलं नाही," हे वाक्य मी त्याच्याकडून इतक्या वेळा ऐकलंय की तो तोंड उघडायच्या आधीच मला कळायचं.

मग तो निवृत्त झाला आणि मामीच्या नाकी नऊ आले. उठसूट फ्रिज उघडायचा, आत हात घालायचा, डोकं हलवायचं. भाज्यांना चिठ्ठ्या लावायला लागला. कोथिंबीर ओल्या फडक्यात गुंडाळून अशी निजवायचा की मामीला ती उचलून चिरायचं धाडस होईना. "अहो, त्यात दूध आहे हो, दूध," मामी म्हणायची. "कुणी न्यायला येणार नाहीये. आपल्यालाच प्यायचंय."

मी तेव्हा त्यांच्याकडेच राहत होते. घराची पुढची खोली माझं दुकान. मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. एका गिऱ्हाइकाचं मशीन तापून बंद पडायचं, म्हणून पंखा बदलल्यावर मी त्यावरचाच एक खेळ चालू ठेवला, किती तापतं ते बघायला. खेळ कसला, तर कबरस्तान चालवायचा. फाटकाशी गाडी येते, एक मढं टाकून जाते. ते तुम्ही उचलायचं, शेडमध्ये न्यायचं, साफ करायचं, पुरायचं, वर दगड लावायचा. मढ्याच्या डोक्यावर हिरवी पट्टी असते. वेळ गेला की ती पिवळी होते, मग लाल, म्हणजे खराब झालं. शीतखोली बांधली तर पट्टी हळू उतरते, मढं टिकवायचा मसाला आत भरला तर आणखी हळू. चांगलं राखलेलं माणूस पुरलं की कबरस्तानाची पत वाढते. असा सगळा प्रकार.

मामा चहाचा कप घेऊन मागे येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "डोकं लोंबतंय त्याचं. असं उचलतात का कधी?"

"मामा, खेळ आहे."

"खेळ असला म्हणून काय झालं? माणूस आहे ना तो?"

आणि त्यानं माझ्या हातातला माउस घेतला. गिऱ्हाइकाचं मशीन गेलं, पण मला तोच खेळ माझ्या मशीनवर चढवावा लागला. माझा धंदा एका टेबलावर आणि मामाचा दुसऱ्यावर. लोक लॅपटॉप घेऊन यायचे, पडद्यावर रांगेत निजवलेली मढी बघायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी म्हणायचे, "आमचे मामा आहेत, कामात आहेत." काय सांगणार दुसरं?

मामीनं तोवर आजारपणात अंथरूण धरलं होतं. तिची खाट मुद्दाम आतल्या दाराशी सरकवली होती, तिथून तिला दोन्ही टेबलं दिसायची. तिचं दुखणं आता हाताबाहेर गेलं होतं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता: औषधं आता त्रास कमी करायला, बरं करायला नाहीत. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे तोंडात मूग धरून होते. मामी सोडून. तिच्या तोंडाचा पट्टा चालूच असायचा. "अहो, ती कोपऱ्यातली बाई केव्हाची बाहेर पडलीये. तिला आत घ्या ना," असं ती खाटेवरून ओरडायची आणि मामा लगेच त्या बाईला आत घ्यायचा. दोघांचा संसार पुन्हा नव्यानं सुरू झाल्यासारखं वाटायचं मला.

त्यांचा एकुलता एक मुलगा, आमचा दादा, समुद्रापलीकडे नोकरीला. दर रविवारी फोन. मनानं वाईट नाही हो, पण त्याला सुट्टी घे म्हटलं की जणू कुणी काळजाचा तुकडा मागतंय. अशाच एका रविवारी फोन स्पीकरवर होता. म्हणाला, "बाबा, काही झालं की तेव्हाच्या तेव्हा कळवा, मी मिळेल त्या विमानानं निघतो. मी येईपर्यंत तुम्ही आहातच. तुमच्यासारखं कोण सांभाळणार?"

मामा चक्क फुलला. "त्याची काळजीच करू नकोस. सावकाश ये. जशीच्या तशी दिसेल," म्हणाला. हॉस्पिटलात अजून त्याच्या शब्दाला मान होता, खण मिळाला असता.

मी मामीकडे बघितलं. ती छताकडे बघत होती.

इकडे त्याच आठवड्यात खेळात मामाचं दिवाळं वाजत आलं होतं. शीतखोली गच्च भरलेली, बाहेर नवी मढी लाल पडलेली आणि कबरस्तानात एकही कबर नाही. पत पार रसातळाला. मला राहवेना. "मामा, अरे पुरत का नाहीस कुणाला? सगळे मसाला भरून, केस विंचरून तयार आहेत. कशाची वाट बघतोयस?"

"येतील ना," मामा म्हणाला.

"कोण?"

"त्यांची माणसं. बघितल्याशिवाय कसं पुरायचं?"

मी डोक्याला हात लावला. इतके दिवस हा बाबा फाटकाकडे डोळे लावून बसला होता, आणि मला वाटत होतं की त्याला कबर खणायचं बटण सापडत नाहीये. "मामा, या खेळात नातेवाईक नाहीतच. कुणी येत नाही. तसं ठेवलेलंच नाही."

"कुणाचंच?"

"कुणाचंच."

मामानं माउस सोडला. शीतखोलीच्या चित्राकडे बघत बसला. हिरव्या पट्ट्यांची सगळी माणसं ओळीनं निजलेली होती, एकदम व्यवस्थित. "मग मी हे राखतोय कुणासाठी?" तो म्हणाला. त्याचा आवाज असा झाला की माझा सगळा राग जिरला.

"अहो," आतून मामी म्हणाली, "मला नका हं ठेवू त्या खणात."

मामा खुर्चीसकट वळला. "अगं, माझ्या हातानं ठेवीन. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. तो येईपर्यंतचाच तर प्रश्न आहे. त्याला तुझा चेहरा बघायला नको का?"

"त्याला बघायला मिळेल," मामी म्हणाली. "मी त्याचा कधी बघायचा?"

मामी पदरानं नाक पुसत म्हणाली, "तुमचं काम चांगलं आहे, मी कधी नाव ठेवलंय का? पण तुम्ही त्याला सावकाश ये म्हणालात. तुमच्या भरवशावर तो थांबलाय. असं कसं म्हणालात हो?"

मामा उठला. मला वाटलं तिच्याजवळ जाईल, पण तो फोनकडे गेला. दादा तेव्हा कामावर असणार, मी म्हटलंही, पण मामानं कानाडोळा केला. दोनदा कट झाला, तिसऱ्यांदा दादानं उचलला. घाबरलेलाच होता. "काय झालं? आई गेली का?"

"नाही गेली. म्हणूनच फोन केलाय," मामा म्हणाला. "आत्ता ये."

"बाबा, पुढच्या महिन्यात जमवतो ना. आणि मध्येच काही झालं तर तुम्ही…"

"मी नाही ठेवणार."

मामा फोन दोन्ही हातांनी धरून उभा होता. "हे बघ बाळा," तो म्हणाला, "चेहरा राखता येतो. मला येतो, माझ्याइतका कुणाला येत नसेल. तू महिन्यानं आलास तरी ती तुला झोपल्यासारखी दिसेल. किती लोक मला तसं म्हणून गेले, आणि मी खूश व्हायचो. पण त्यातल्या एकाकडेही खणातल्या माणसानं डोळे उघडून बघितलं नाही रे. ते मला करता येत नाही. तू आलास की तिनं तुझ्याकडे बघायला हवं."

आणि मग मामा रडला. मोठ्यानं, लहान मुलासारखा, फोन चालू ठेवूनच. मी त्याला खुर्चीत बसवलं. मामी खाटेवरून सांगत होती, "त्यांना पाणी दे गं आधी."

दादा आला. रजा कशी मिळवली, कुणाशी भांडला, ते त्यानं सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. बॅग खांद्यावरच होती. आत येताच तो खाटेशी बसला आणि बोलायला लागला, विमान कसं चुकत होतं, तिथली औषधं कशी चांगली असतात, तो अजून दोन डॉक्टरांना विचारणार आहे. घाबरलेला माणूस बडबडतो तशी बडबड. मामी उशीला टेकून बसली होती. मामानं खिडकीचा पडदा पूर्ण सरकवला, म्हणजे दादाच्या तोंडावर उजेड पडेल.

मामीनं हात वर करून दादाच्या ओठांवर ठेवला. "गप्प बस जरा," ती म्हणाली. "मला बघू दे."