मंजूच्या वहीची फेअर कॉपी

माझ्या बायकोचा डिप्लोमा मी एका रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, स्वतःच्या हाताने कचऱ्याच्या डब्यात टाकला. वर बटाट्याची सालंही टाकली.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटची, इंग्लंडातल्या मेडनहेडमधली. मंजूने अकरा वर्षं विमानातल्या जेवणाचे ट्रे भरले होते. तिच्या पुण्याच्या बी.ए.ला इथे कुणी विचारत नव्हतं. चाळिशी उलटल्यावर तिने धीर करून कॉलेजात बालसंगोपनाच्या डिप्लोमाला नाव घातलं. दोन वर्षं संध्याकाळचे वर्ग आणि आठवड्यातून तीन सकाळी नर्सरीत प्रत्यक्ष काम. पास झाली की त्याच नर्सरीत पक्की नोकरी, असं तिथल्या सुपरवायझरबाईंनी कबूल केलं होतं.

मला या शिक्षणाबद्दल फारसा आदर नव्हता. (मी बी.एस्सी., फिजिक्स, फर्स्ट क्लास. हे मी कुणी न विचारताही सांगतो.) मुलं वाळूत खेळतात ते बघून वहीत लिहायचं, याला कसला आलाय डिप्लोमा, असं मी दोनदा पाहुण्यांसमोर म्हणालोही होतो. दोन्ही वेळा मंजू चहा ठेवायला उठून गेली होती.

शाळांना हाफ टर्मची सुट्टी लागली तशी मंजू आणि आमची तेरा वर्षांची रेवा शनिवारी मावशीकडे लंडनला गेल्या. निरीक्षणांची वही सोमवारी संध्याकाळी कॉलेजात द्यायची होती. ती टेबलावर होती. मी सहज उघडली आणि हादरलोच! पानांवर रंगांचे फराटे, बिस्किटांचा चुरा, समासात कुणीतरी निळ्या पेनाने गिरगटलेलं. मजकूर तर विचारूच नका. "जेमी आज चाळीस मिनिटं रडला. मग मला चावला. मग माझ्या मांडीवर झोपला." असलं कुणी परीक्षकाला दाखवतं का?

आमच्या कॉलेजात प्रयोग कसाही होवो, जर्नल फेअर लागायचं. गुरुत्वाकर्षणाचं उत्तर नऊशे ऐंशीच्या आसपास आलं नाही, तर आम्ही उत्तरापासून उलटं येत रीडिंग लिहायचो. सगळा वर्ग लिहायचा आणि सरांनाही ते ठाऊक होतं. तेव्हा बायकोवरच्या प्रेमापोटी मी नवी वही आणली, तिला तपकिरी कव्हर घातलं आणि दोन दिवस खपून सगळं फेअर केलं. लाल शाईत मथळे. उद्देश. साहित्य : एक मूल (वय तीन), एक खुर्ची, वाळू. निष्कर्ष : मूल समाधानकारक आढळले. रडण्याची चाळीस मिनिटं मी चारवर आणली, कारण चाळीस हे रीडिंग उघडच चुकलेलं होतं! चावणं गाळलं. नावं बरी दिसत नाहीत म्हणून मूल अ, मूल ब. जुनी वही डब्यात गेली आणि सोमवारी सकाळी कौन्सिलची गाडी डबा रिकामा करून गेली.

सोमवारी मी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा काढली. (कौतुक ऐकायला.) दुपारी मायलेकी आल्या. मंजूने नव्या कव्हरकडे पाहिलं.

"अहो, माझी वही कुठंय?"

"हीच. फेअर केलीय."

"आणि जुनी?"

मी खिडकीतून रिकाम्या डब्याकडे बोट दाखवलं. ती ओरडली असती तर परवडलं असतं. ती खुर्चीवर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "समासात सुपरवायझरच्या सह्या होत्या. प्रत्येक पानावर. तो एव्हिडन्स असतो. त्याशिवाय पास नाही करत."

"बाबा, तू आईची होमवर्क फेकला?" रेवाने तिच्या मोडक्या मराठीत विचारलं. "दॅट्स चीटिंग."

मी तसाच सुटाबुटात कौन्सिलच्या कचरा डेपोवर धावलो. तिथल्या माणसाने एका डोंगराकडे हात केला आणि दयेपोटी मला फावडं दिलं. तासभर उकरलं. बटाट्याची सालं पुष्कळ मिळाली, पण आमची नव्हेत.

संध्याकाळी मी मंजूबरोबर कॉलेजात गेलो, गुन्हा कबूल करायला. अंगाला वास येत होता. शिकवणाऱ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि नर्सरीच्या सुपरवायझरना फोन करून बोलावलं. मी मंजूच्या वतीने दोन शब्द बोलायला लागलो, तर ती म्हणाली, "तुम्ही नुसते बसा."

मग ती वहीशिवाय बोलली. पाऊण तास. इंग्रजी मधूनमधून अडखळलं, बाकी काही नाही. जेमीची आई नव्या बाळासाठी हॉस्पिटलात होती आणि इतरांच्या आया न्यायला आल्या की तो चावायचा, म्हणून मंजू त्या वेळी त्याला खिडकीपासून दूर नेऊन बसायची. एकेक मूल तिने असं सांगितलं. सुपरवायझर मान डोलवत होत्या. ही सगळी मुलं मी दोन दिवस सुवाच्य अक्षरात उतरवली होती आणि मला त्यातलं एकही माहीत नव्हतं. लाज वाटली. नंतर सांगण्यापुरती नाही, तिथे बसल्याबसल्या, कानशिलं तापेपर्यंत.

ती पास झाली. सुपरवायझरनी तिथेच नव्या कागदावर सही केली.

निघताना शिकवणाऱ्या बाईंना माझी कीव आली असावी. मलाही संभाषणात घ्यावं म्हणून त्यांनी हसून विचारलं, तुमची मुलगी तीन वर्षांची असताना तिला काय आवडायचं?

मंजू माझ्याकडे बघत होती. मी खूप आठवून पाहिलं.

"गणित," मी म्हणालो.

बाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि माझ्याकडे एकदा नीट बघून, स्वतःच्या वहीत काहीतरी लिहून घेतलं.