केळवणाचे पैंजण

ताईचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. "ऋजू राहिली नाही गं…" एवढंच ती म्हणाली. मी म्हटलं, "अगं, काल तर भात खाल्ला ना तिने?" काल भात खाल्लेलं माणूस आज जातं कसं, हे माझ्या डोक्यात शिरेचना. दीड महिना झाला, अजून शिरलेलं नाही. 

ऋजुता ही ताईची मुलगी, माझी भाची. पंचविशीची, वारज्याला राहणारी, आयटीतली, आणि तोंडाने महाफटकळ. माझ्या चहाचा पहिला घोट घेऊन "मावशी, साखर संपलीय की माया?" असं विचारणारी. रंगाने सावळी, नाकीडोळी नीटस. त्या रंगाचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. पण लग्न ठरलं आणि सासरच्या कुणीतरी "जोडा फोटोत जरा विजोड दिसेल, नाही?" असं हसत हसत म्हटलं. झालं! पार्लरवालीने तिला एक पांढरी डबी दिली. वर ना कंपनीचं नाव, ना आत काय आहे ते. महिन्याभरात पोरगी खरंच उजळली. माझी सानिका कॉलेजात आहे, ती ऋजूची करवली होणार होती. ऋजूने अर्धं क्रीम काढून तिला दिलं. "करवलीने माझा फोटो बिघडवायचा नाही हं!" म्हणाली.

मग केळवणं सुरू झाली. आज काकूकडे श्रीखंड, उद्या आत्याकडे बासुंदी. ऋजूचा चेहरा भरला, डोळ्यांखाली फुगीर दिसायला लागलं. जो तो म्हणे, "केळवणं मानवली हो हिला!" माझ्याकडे केळवणाला आली तेव्हा मी पाटाभोवती रांगोळी काढली, पुरणपोळी केली, चांदीचे पैंजण पुढे ठेवले. तिच्याच मापाचे घडवलेले, पण फासा लागेना. "मावशी, सोनाराला सांग, नवरी वाढलीय," ती म्हणाली, आणि सगळं घर हसलं. तिच्या पायाला सूज आहे, हे एवढ्या माणसांत एकाच्याही मनात आलं नाही. लग्नघरातल्या मुलीला सूज कशी असेल? तेजच असणार!

आठवड्याने तिला जिना चढताना धाप लागली. डॉक्टरांनी नडगीवर अंगठा दाबला आणि काढला… खळगा तसाच राहिला. पिठात बोट रुतावं तसा. तो खळगा मी पाहिला आणि मला तो न लागलेला फासा आठवला. लघवीतून प्रथिनं वाहून जात होती. "चेहऱ्याला काय लावता?" त्यांनी विचारलं. ऋजूने त्या पांढऱ्या डबीचं सांगितलं. चेहऱ्याचा आणि किडनीचा काय संबंध? संबंध होता. असल्या बिननावाच्या क्रीममध्ये पारा असू शकतो, तो कातडीतून आत जातो आणि किडन्या नासवतो, असं त्यांनी सांगितलं. उपचार सुरू झाले; पण अशा आजारात रक्तात गुठळ्या होतात, त्यातली एक फुफ्फुसात गेली. रक्तात पारा सापडल्याचा रिपोर्ट आला तो ऋजू गेल्यावर.

ते पार्लर चालू आहे. तक्रार केली आहे, 'बघतो' म्हणालेत. बाहेर 'नवरीसाठी खास पॅकेज'ची पाटी तशीच आहे, आणि आत पोरी बसलेल्या दिसतात. मला ओरडावंसं वाटतं, अगं बायांनो, उठा!

सानिकाच्याही लघवीत प्रथिनं सापडली आहेत. थोडी आहेत, क्रीम बंद केलंय, बहुतेक भरून येईल, असं डॉक्टर म्हणतात. त्या 'बहुतेक'वर माझं घर उभं आहे. कुणी सहज "सानिका छान दिसतेय हं, चेहरा भरलाय" म्हटलं की मी आधी तिच्या डोळ्यांखाली बघते.

ऋजूचे पैंजण ताईने परत दिले. ऋजूचं आणि सानिकाचं पायाचं माप एकच. "म्हाताऱ्या फॅशनचे" म्हणून नाक मुरडणारी सानिका आता रोज सकाळी, न सांगता, माझ्यासमोर पाय पुढे करते. मी फासा लावून बघते आणि काढून ठेवते. परवा तो लागायला जरा वेळ लागला. "माझे हातच थरथरतायत गं," मी म्हटलं. तिने दुसरा पाय पुढे केला.