साडूभाऊंचे नेमाचे खेळ

माझ्या साडूंच्या घरी गेलेला माणूस अंगाला काहीही न लागता परत आला, असं मी निदान वीस वर्षं तरी पाहिलं नाही. लागायचं ते अर्थात मऊ असायचं. रबरी टोकाचा बाण, स्पंजचा गोळा, चिंचोके भरलेली कापडी पिशवी, सायकलच्या ट्यूबची कापलेली कडी, यांपैकी काहीतरी सोफ्याच्या मागून नाहीतर जिन्याच्या वरच्या पायरीवरून यायचं आणि पाहुण्याच्या पाठीवर, पोटावर किंवा हातातल्या बशीत पडायचं. मग साडूभाऊ छोटी वही घेऊन पुढे यायचे आणि बसा म्हणायच्या आधी विचारायचे, "लागलं का? किती? डास चावल्याइतकं की चिमटा काढल्याइतकं?" पाहुणा जे सांगेल ते वहीत लिहिलं जायचं आणि त्यानंतर पाणी मिळायचं.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. दिवसभर तिथे लोखंड केसाच्या जाडीइतकं अचूक कापायचं आणि संध्याकाळी इंदिरानगरला घरी येऊन फेकायचे, टाकायचे, उडवायचे खेळ शोधून काढायचे, हा त्यांचा दिनक्रम. 'शोधून काढायचे' हे शब्द त्यांचेच. खेळ 'बनवला' म्हटलेलं त्यांना चालत नसे. "बनवतात ती भजी," असं ते शांतपणे सांगत.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते माझ्याच बघण्याच्या कार्यक्रमात. थोरले जावई म्हणून सासऱ्यांनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं, बोलणी त्यांनी करावीत म्हणून. माझे काका मुलीच्या शिक्षणाची चौकशी करत होते, एवढ्यात बोराएवढा स्पंजचा गोळा कुठूनसा आला आणि काकांच्या चहात पडला. सगळ्यांनी वळून पाहिलं. साडूभाऊंच्या हातात कपडे वाळत घालायच्या चिमट्याचं केलेलं काहीतरी होतं. "माफ करा," ते म्हणाले, "स्प्रिंग जरा ताठ झाली." मग विषय बदलावा म्हणून असेल, त्यांनी मला विचारलं, "आपण काय करता?" मी म्हटलं, पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन आहे. "म्हणजे ड्रॉइंग काढता?" मी हो म्हटलं. साडूभाऊंनी सासऱ्यांकडे वळून सांगितलं, "मुलगा चांगला आहे." मुलगी तोपर्यंत बाहेर आलेलीसुद्धा नव्हती.

त्यानंतर दहा-बारा वर्षं माझे रविवार त्यांच्या गच्चीवर गेले. ते बोलायचे आणि मी ड्रॉइंग काढायचो. त्यांचे नियम दोनच होते. पहिला, उडणारी वस्तू लागता कामा नये. त्यासाठी ते प्रत्येक वस्तू आधी स्वतःच्या मिटलेल्या पापणीवर मारून घेत, आणि कित्येक सोमवारी कारखान्यात एक डोळा लाल घेऊन जात. दुसरा नियम त्यांनी मला बऱ्याच उशिरा सांगितला. "ज्याचा नेम लागतो तो खेळणारच हो. ज्याचा चुकतो त्याला पुन्हा टाकावंसं वाटलं, तर तो खेळ." म्हणून त्यांच्या निशाणाच्या वाट्या चेंडू जवळून गेला तरी त्याच्या बाजूला कलायच्या, आणि त्यांची कडी खुंटीला नुसती चाटून गेली तरी शीळ वाजायची. शेजारच्या बाई गच्चीवर कुरडया वाळत घालायच्या. त्यांत अधूनमधून चिंचोक्यांची पिशवी पडायची. पण त्या बाईंनाही साडूभाऊंनी एकदा कडी टाकायला लावली, आणि नंतर त्या कुरडया घालायला बऱ्याच लवकर येऊ लागल्या, आधी चार कड्या टाकता याव्यात म्हणून.

खेळली नाही ती एकटी ताई, त्यांची बायको. ताई शाळेत गणित शिकवायची. "या घरात वस्तू हातातून हातात द्यायची असते, हे लक्षात ठेवणारं एक तरी माणूस पाहिजे," असं म्हणून ती वह्यांचा गठ्ठा ओढायची. दर नवा खेळ उभा राहिला की साडूभाऊ खाली जाऊन विचारायचे, "एकदा टाकून बघतेस का?" "मला पेपर तपासायचेत." "नंतर?" "नंतर कणीक मळायचीये." ते हसून वर यायचे. मला तेव्हा वाटायचं, त्यांना त्याचं काही वाटत नाही.

कलत्या वाट्यांचं पेटंट घ्यावं, असं एकदा मीच त्यांच्या डोक्यात घातलं. चार महिने खपून ड्रॉइंग काढली आणि आम्ही दोघं मुंबईला त्या कार्यालयात गेलो. तिथल्या एका सज्जन गृहस्थांनी आधी जुनी दप्तरं बघून घ्या म्हणून सुचवलं. तिसऱ्या तासाला ती सापडली. आमची वाटी, आमचा कलता दांडा, सगळं तस्संच, कुठल्याशा थंड देशातल्या माणसाने आमच्या जन्माआधी काढून ठेवलेलं. ड्रॉइंगही माझ्याहून चांगलं होतं. मी रडायच्या बेताला आलो. साडूभाऊ मात्र तो कागद अर्धा तास न्याहाळत बसले. "हे बघा, त्यानेही दांडा मध्यावर नाही घेतला, जरा मागे घेतलाय. म्हणजे आपलं बरोबर होतं." परत येताना एसटी कसारा घाट चढत होती तेव्हा ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्याची बायको खेळत असेल का हो?" मी झोपल्यासारखं केलं.

नवरात्रात कालिकेच्या यात्रेत त्यांना घेऊन जाणं जोखमीचं असे. एका वर्षी ते कडी टाकायच्या दुकानापुढे थांबले. साबणाच्या वडीवर, पावडरच्या डब्यावर लाकडी कडी टाकायची, पूर्ण बसली की वस्तू आपली. साडूभाऊंनी खिशातून मोजमापाचा व्हर्नियर काढला आणि कडी मोजली, मग वाकून साबण मोजला. "दीड मिलिमीटर," ते मोठ्याने म्हणाले. "अगदी सरळ वरून पडली तरच बसेल. हाताने फेकलेली कडी सरळ पडत नाही." भोवतीची माणसं ऐकू लागली. दुकानदार हात जोडत पुढे आला. "साहेब, हळू बोला, लोक ऐकताय. पोट हाय आमचं." साडूभाऊ ओशाळले. त्याचं नुकसान करायचं त्यांच्या मनातही नव्हतं, त्यांना फक्त कडीची काळजी वाटली होती. दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी कारखान्याच्या भंगारातून केलेल्या बारा कड्या त्याला नेऊन दिल्या. आतली कड उतरती केलेली, नेम चांगला असेल तर दहात एकदा बसेल अशा. दुकानदार घ्यायला तयार नव्हता. साडूभाऊ शेजारी उभे राहून दोन तास त्याला समजावत होते, तोवर एका म्हातारबाईंनी त्यांतलीच एक कडी टाकून पावडरचा डबा जिंकला आणि दुकानापुढे ही गर्दी झाली. पुढची बरीच वर्षं तो माणूस यात्रेत आम्हाला ओळखायचा आणि साडूभाऊंना फुकट टाकायला लावायचा. त्यांची कडी एकदाही बसली नाही. त्यांचा स्वतःचा नेम फार वाईट होता.

मग ताईला अर्धांगाचा झटका आला. शाळेतून घरी आली, पर्स ठेवायला गेली आणि पर्स हातातून सुटली, एवढंच. पंधरा दिवस दवाखान्यात काढून आणली तेव्हा उजवी बाजू गेलेली, बोलणं लटपटलेलं. व्यायाम शिकवायला द्वारका चौकाजवळच्या दवाखान्यातून एक तरुण मुलगी यायची. तिने रबरी चेंडू दाबायला दिला. ताई तो पकडायची आणि तशीच बसायची. मूठ उघडायचीच नाही. आपण बोटं एकेक करून सोडवायची. चौथ्या दिवसापासून तिने चेंडू घ्यायचंच सोडलं, भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. ती मुलगी साडूभाऊंना बाहेर घेऊन म्हणाली, "काका, पकडणं येतंय त्यांना. सोडणं येत नाहीये. ते उशिरा येतं, आणि त्यांनी मनावर घेतलं तरच येतं."

साडूभाऊंनी कारखान्यात पहिली पाळी मागून घेतली, म्हणजे चारला घरी येता यावं. त्या रविवारी त्यांनी मला बोलावलं, पण ड्रॉइंग काढू दिलं नाही. "आयुष्यभर मी फेकायचं कसं तेच बघत आलो," ते म्हणाले. "सोडायचं कसं, ते बघितलंच नव्हतं." तीन दिवसांत त्यांनी एक लाकडी फळी मध्ये टेकू देऊन उभी केली. एका टोकाला पितळी ताटली, दुसऱ्या टोकाला आमटीची मोठी पळी, पळीत स्पंजचा गोळा. ताईने चिंचोक्यांची पिशवी मुठीत धरायची आणि ताटलीवर नुसती सोडायची. पिशवी पडली की गोळा उडणार. हात वर न्यायला नको, मनगट फिरवायला नको. समोर आठ फुटांवर साडूभाऊ स्वतः खुर्चीत बसले, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर स्टीलचं पातेलं. "यात टाकायचं," ते म्हणाले.

ताईने त्यांच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. ते तासभर तसेच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्या अवतारात त्यांनी दूधवाल्याशी हिशेब केला, भाजी घेतली. माझी बायको रोज तिथे जायची. ती सांगते, दहाव्या दिवशी ताईने आपणहून डावा हात पुढे केला, पिशवी घेतली आणि उजव्या मुठीत कोंबली. मग नुसती बघत राहिली त्या मुठीकडे. कपाळावर घाम आला. तर्जनी हलली, मग करंगळी, आणि पिशवी पडली. गोळा पातेल्यात गेला नाही, साडूभाऊंच्या चष्म्यावर बसला. ताईच्या तोंडाची डावी बाजू हसली. "ला...गलं?" तिने विचारलं. "कि...ती?"

साडूभाऊ उठून चष्मा पुसायला आत गेले आणि बराच वेळ आतच होते.

पुढे आठ महिने रोज चार वाजता हा खेळ चालला. ताई पक्की खेळाडू निघाली. फळीखालचा टेकू किती सरकवला की गोळा किती पुढे जातो, याचं तिने गणित बसवलं. साडूभाऊ मान किंचित हलवून गोळा पातेल्यात घेतात, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा कडाक्याचं भांडण झालं. "लबाडी... करू नका. डोकं... हलवायचं नाही." तिची वाचा बरीचशी त्या भांडणांतून परत आली, असं ती व्यायाम शिकवणारी मुलगीच म्हणायची. दवाखान्यातल्या इतर पेशंटसाठी तिने तसल्या फळ्या करून मागितल्या, आणि साडूभाऊंनी सहा-सात करून दिल्या.

जूनमध्ये ताई शाळेत रुजू झाली. खडू उजव्या हातात धरून. अक्षर वाकडं यायचं, पण यायचं. घरी आली की वह्यांचा गठ्ठा समोर, मग कणीक, कारण कणीक मळण्यानेही हाताला व्यायाम होतो असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. फळी माळ्यावर गेली.

परवा, म्हणजे साडूभाऊ निवृत्त झाल्यावर एका रविवारी, मी त्यांच्याकडे गेलो होतो. गच्चीत आम्ही दोघंच. खाली ताईच्या शिकवणीचा आवाज येत होता, स्वच्छ, जरा करडा. "बरी झाली अगदी," मी म्हटलं. "हो ना, फार चांगलं झालं," ते म्हणाले, "नेम काय सुरेख होता हो तिचा. शेवटी शेवटी दहात सात." मग त्यांनी समोरचा लाकडाचा तुकडा उचलला आणि कानशीने घासू लागले. नवीन काय चाललंय, मी विचारलं.

"विशेष काही नाही," ते म्हणाले. "एकट्याला खेळता येईल असं काहीतरी बघतोय."